नंबर तोच, मालक निराळा

पुण्याहून नगर रस्त्याला लागले आणि शिक्रापूर मागे टाकले, की थोड्याच वेळात रांजणगाव येते. एके काळी उभ्या महाराष्ट्राला हे गाव ठाऊक होते ते महागणपतीमुळे. अष्टविनायकाच्या यात्रेची गाडी इथे थांबायची, मंडळी दर्शन घ्यायची, प्रसाद घ्यायची आणि पुढच्या गणपतीला निघायची. आता गणपतीच्या जोडीला इथे औद्योगिक वसाहत आहे. इटलीची फियाट आहे, अमेरिकेची व्हर्लपूल आहे, कोरियाची एलजी आहे. परदेशी कंपनी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. कोणाची कँटीन चांगली, कोण पोरांना कायम करते आणि कोण वर्षानुवर्षे ठेकेदाराकडेच ठेवते, याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो.

मात्र त्याच माणसाला विचारावे, ‘तुझ्या खिशातल्या मोबाइलची कंपनी आजवर कोणाकोणाची होती?’ तर तो गोंधळतो. त्याचा नंबर तोच असतो. मालक किती झाले, याची त्याने नोंद ठेवलेली नसते.

ती नोंद मला सापडली एका दुकानाच्या शटरवर. वीसएक वर्षांचे जुने दुकान. शटरचा रंग जागोजागी उडालेला. वर लाल थर, त्याखाली निळा, मध्येच पिवळा, आणि अगदी तळाशी गुलाबी रंगाचा एक टवका. दुकानदार हसून म्हणाला, ‘‘साहेब, इतक्या वर्षांत शटरच्या रंगाला म्या एक रुपाया खर्चला नाही. जी कंपनी आली ती रंगवून गेली.’’

त्या शटरवर अर्ध्या जगाचा नकाशा होता. गुलाबी रंग हचचा, म्हणजे हाँगकाँगच्या हचिसनचा. लाल व्होडाफोनचा, म्हणजे इंग्लंडचा. निळा युनिनॉरचा, म्हणजे थेट नॉर्वेचा. तिथल्या टेलिनॉर कंपनीत निम्म्याहून अधिक वाटा नॉर्वेच्या सरकारचा. पिवळा आयडियाचा. ती आपल्या बिर्लांची, पण मुळाशी गेले तर तिथेही अमेरिका भेटते. ही सगळी मंडळी शिरूर तालुक्यातल्या या रस्त्यापर्यंत आली, एकमेकांशी झुंजली आणि बहुतेक निघूनही गेली. ती का आली, का गेली आणि आपल्या पदरात काय पडले, हे तपासून पाहण्यासारखे आहे. माझे सारे आयुष्य बँकेत जमाखर्च पाहण्यात गेले. त्यामुळे हा हिशेब मी त्याच नजरेने मांडतो.

सुरुवात १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणापासून करावी लागेल. तोवर टेलिफोन म्हणजे सरकार. घरी फोन हवा तर अर्ज करायचा आणि वर्षे मोजायची. तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेतून पुण्याला फोन लावणे हे दिवसभराचे काम असे. या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि परदेशी भागीदाराला ४९ टक्क्यांपर्यंत वाटा घेण्याची मुभा दिली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीला फोन केला. मोबाइलवरचे हे देशातले पहिले संभाषण. ते ज्या मोदी टेल्स्ट्राच्या यंत्रणेवरून झाले, त्यातली टेल्स्ट्रा ऑस्ट्रेलियाची. पहिल्या ‘हॅलो’लाच परदेशी भागीदार होता!

परदेशी भागीदार लागलाच का? एक तर तंत्र आपल्याकडे नव्हते. दुसरे कारण बँकवाल्याला चटकन कळते. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही आधी विचारायचो, ‘तारण काय?’ जमीन, इमारत, यंत्रे काहीतरी दाखवावे लागे. मोबाइल कंपनीजवळ दाखवायला काय होते? काही मनोरे आणि हवेतल्या लहरी वापरण्याचा सरकारी परवाना. लिलाव पुकारून हवेचा ताबा कसा घेणार? अशा धंद्यात सुरुवातीची जोखीम घ्यायला मोठे भांडवल आणि तोटा सोसण्याची ताकद असलेला कोणीतरी हवा होता.

परवान्यांसाठी देशाचे भाग पाडले गेले. त्यांना ‘सर्कल’ म्हणतात. मुंबईचे सर्कल निराळे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. या दुसऱ्या सर्कलमध्ये दोन कंपन्या उतरल्या. एकीकडे बिर्ला आणि अमेरिकेची एटी अँड टी, दुसरीकडे बीपीएल आणि अमेरिकेचीच यूएस वेस्ट. १९९७ च्या सुमारास त्यांची सेवा सुरू झाली. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर असे, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. साहजिकच मोबाइल ज्याच्या हातात, तो एक तर कारखानदार किंवा बिल्डर. दोनच दुकाने असली की माल महाग मिळतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

कंपन्या मात्र तेव्हाही नफ्यात नव्हत्या. परवाना मिळवण्याच्या ईर्षेने त्यांनी अवाच्या सवा बोली लावल्या होत्या, आणि गिऱ्हाईक तर हातावर मोजण्याइतके. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शहाणपण मोठ्या कंपन्यांनाही नसते. अखेर १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा सरकारला द्यायची सोय केली. बुडत्याला काडी मिळाली. पण या काडीच्या टोकाला एक गाठ होती. ‘उत्पन्न’ म्हणजे नेमके कोणते? फक्त फोनच्या सेवेचे, की ठेवींवरचे व्याज, भाडे, सगळेच? हा वाद तेव्हा सुटला नाही. वीस वर्षांनी त्याच गाठीचा फास झाला.

पुढे गर्दी वाढली. २००२ मध्ये बीएसएनएल मोबाइलमध्ये आली, एअरटेलही आपल्या सर्कलमध्ये उतरली. त्यापाठोपाठ रिलायन्स आली. मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला, आणि मला वाटते, भारतातल्या मोबाइलचा खरा जन्म त्या दिवशी झाला. बीड, लातूर, नांदेडकडून, पुढे बिहार-उत्तर प्रदेशातून इथल्या कारखान्यांत आलेल्या पोराला आता फोन परवडू लागला. खिशात पैसे नसले तरी आईचा फोन घेता येत होता. त्यातूनच ‘मिस्ड कॉल’ जन्मला. एक वाजवला तर ‘पोचलो’, दोन वाजवले तर ‘फोन कर’. कंपन्यांना एक पैसा न देता त्यांच्याच तारांवरून निरोप पाठवण्याची ही युक्ती कुठल्या व्यवस्थापन-संस्थेत शोधली गेलेली नाही!

रांजणगावचा या धंद्याशी दुसऱ्या बाजूनेही संबंध आला. एलजीचा इथला कारखाना २००४ मध्ये सुरू झाला आणि लवकरच तिथे मोबाइल फोनही बनू लागले. म्हणजे फोन कोरियाचा, हात आपल्या पोरांचे, सिम हाँगकाँगचे आणि बोलणे अस्सल मराठवाडी. २०२१ मध्ये एलजीने जगभरचाच मोबाइलचा धंदा बंद केला. इथला कारखाना मात्र घरगुती वापराच्या यंत्रांवर चालू राहिला.

मालकीची अदलाबदल एव्हाना सुरू झाली होती. बिर्ला-एटी अँड टीमध्ये टाटा आले आणि २००२ मध्ये तिचे नाव आयडिया झाले. २००५ मध्ये एटी अँड टी बाहेर पडली, पाठोपाठ टाटाही. आपल्या सर्कलमधली बीपीएलची सेवा २००५-०६ च्या सुमारास हचकडे गेली. २००७ मध्ये व्होडाफोनने सुमारे अकरा अब्ज डॉलर मोजून हचिसनचा वाटा घेतला. केमन बेटांवरच्या एका कंपनीचे समभाग इकडून तिकडे झाले आणि रांजणगावच्या शटरवरचा गुलाबी रंग लाल झाला. व्यवहार परदेशात झाला म्हणून भारतात कर लागणार नाही, असे व्होडाफोनचे म्हणणे. प्राप्तिकर खात्याने अकरा हजार कोटींहून अधिक रकमेची मागणी केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. ती दुरुस्ती मागे घ्यायला २०२१ उजाडले.

२००९ मध्ये जपानची डोकोमो टाटांबरोबर आली आणि सेकंदाला एक पैसा दर लावला. तोवर दहा सेकंद बोलले तरी पूर्ण मिनिटाचे पैसे कापले जात. डोकोमोने ती रीत मोडली आणि काही महिन्यांत सगळ्यांना तिच्यामागे जावे लागले. माझ्या मते परदेशी कंपन्यांनी आपल्याला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी. सुताराच्या पोरापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांचे पैसे वाचले. पण डोकोमोचे स्वतःचे पैसे बुडाले, आणि टाटांकडून ठरलेली रक्कम मिळवायला तिला लंडनच्या लवादापर्यंत जावे लागले. नॉर्वेच्या टेलिनॉरचे नशीब त्याहून वाईट. परवानावाटपातल्या गैरप्रकारांमुळे २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, त्यांत युनिनॉरचेही गेले. ती पुन्हा लिलावात उतरली, स्वस्त दराने खेड्यापाड्यांत फिरली आणि २०१८ मध्ये एअरटेलमध्ये विरून गेली.

आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली. बोलणे फुकट, इंटरनेट जवळजवळ फुकट. तोटा सोसण्याची ताकद आता परदेशी भागीदाराची मक्तेदारी राहिली नव्हती. दोनतीन वर्षांत बाजारात उरल्या तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. इथे मला थबकायला होते. १९९७ मध्ये आपल्या सर्कलमध्ये ज्या दोन कंपन्या एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या, त्या दोघींचे वंशज एकाच घरात नांदायला आले. भांडणारे दोन शेजारी अखेर एकाच सातबाऱ्यावर!

त्या घरावर मग जुनी गाठ आवळली गेली. २४ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची सरकारी व्याख्या मान्य केली. व्होडाफोन-आयडियाच्या डोक्यावर पन्नास हजार कोटींहून अधिक थकबाकी आली. त्यात मूळ रकमेपेक्षा व्याज, दंड आणि दंडावरचे व्याज यांचाच भाग मोठा होता. सावकारी पाशाच्या गोष्टी मी कादंबऱ्यांतून लिहिल्या आहेत, पण दंडावर व्याज घेणारा सावकार मला सुचला नव्हता. कंपनीला पैसे देणे जमेना, म्हणून सरकारने देण्याच्या बदल्यात समभाग घेतले. २०२५ मध्ये सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. १९९४ मध्ये परदेशी भागीदारासाठी जी मर्यादा ठरवली होती, नेमक्या तेवढ्या वाट्यावर आता सरकार बसले आहे.

‘बरे झाले, परदेशी कंपन्या गेल्या,’ असे म्हणणारे भेटतात. त्यांनी खातेवही पुरती पाहिलेली नसते. एअरटेलमध्ये सिंगापूरच्या सिंगटेलचा पैसा २००० पासून आहे. जिओच्या पालक कंपनीत २०२० मध्ये फेसबुक आणि गुगल यांनी मिळून सत्तर हजार कोटींहून अधिक रक्कम घातली. परदेशी दुकानदार गेला असेल, परदेशी भांडवल गेलेले नाही. आणि आलेल्यांपैकी कोणीही धर्मादाय काढायला आला नव्हता. आपण स्वस्तात बोललो ते त्यांच्या दयेमुळे नव्हे, तर शेजारच्या दुकानाच्या भीतीमुळे. दहा दुकाने होती तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकाला घाबरत होता. आता दुकाने कमी झाली आहेत, आणि भीती दुसऱ्या बाजूला सरकली आहे.

कशी, ते त्या शटरवाल्याकडेच कळले. पूर्वी त्याच्याकडे दहा रुपयांचे रिचार्ज होत असे, आणि आलेला फोन फुकट मिळत राही. २०१८ च्या अखेरीस जुन्या खासगी कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट आणली. तो आकडा पुढे चढतच गेला. जुलै २०२४ मध्ये तर तिन्ही खासगी कंपन्यांनी एकदोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. ‘महिना’ हाही अठ्ठावीस दिवसांचा. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा महिने. बँकेत मी असा महिना लावला असता, तर ठेवीदारांनी मला काउंटरबाहेर ओढले असते. २०२२ मध्ये ट्रायने निदान एक योजना तीस दिवसांची ठेवायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलण्याची आणि एसएमएसची योजना द्यायला सांगितले. म्हणजे जे काम पूर्वी शेजारचे दुकान करत होते, ते आता नियामकाला करावे लागते.

यात गरिबाचे काय अडते, असे वाटेल. आता नंबर म्हणजे केवळ बोलण्याचे साधन उरलेले नाही. बँकेचे खाते, आधार, गॅस, पीएफ, सगळ्याला तो जोडलेला असतो. ओटीपी त्यावरच येतो. ठेक्यावरच्या पोराचे काम सुटले, तीन महिने रिचार्ज राहून गेले, तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिलाही जाऊ शकतो. मग स्वतःच्या खात्यातले चार पैसे काढायला तो बँकेच्या दारात उभा राहतो, आणि काउंटरवरचा अधिकारी त्याला विचारतो, ‘जुना नंबर चालू आहे का?’ २०११ मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क देशभर मिळाला, तेव्हा ‘नंबर माझा’ असे आपण अभिमानाने म्हणालो. तो नंबर रिचार्ज असेपर्यंतच आपला असतो, हे अनेकांना आता कळते आहे.

मला त्या ४९ टक्क्यांविषयी म्हणूनच विचारावेसे वाटते. सरकारचा वाटा म्हणजे तुमचा-माझा वाटा. बीएसएनएल तर सबंध आपलीच. चारपैकी दोन दुकानांत जनतेचे एवढे भांडवल अडकलेले असताना, त्या पोराचा नंबर किमान खर्चात जिवंत ठेवण्याची एक साधी योजना त्यांनी पुढे होऊन का काढू नये? कर्ज बुडीत निघाले की बँक निदान तारणाचा उपयोग करून घेते. सरकारच्या हाती आलेल्या या तारणाचा उपयोग गिऱ्हाइकासाठी व्हावा, एवढीच एका जुन्या बँकवाल्याची अपेक्षा आहे.