बायबलचा पाठ किती भरवशाचा?

बायबलवर घेतला जाणारा सर्वांत सोपा आक्षेप नकलांचा आहे. मूळ हस्तलिखित एकही उरलेले नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. मग छपाई येईपर्यंत लेखनिकांनी काय घातले आणि काय गाळले, हे कोणी सांगावे? मूळ प्रती नाहीत हे खरेच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहता येतो.

जुन्या कराराबाबत ही तपासणी योगायोगाने घडली. १९४७च्या सुमारास मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत बेदुईन मेंढपाळांना मडक्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांतली यशया या पुस्तकाची गुंडाळी सात मीटरांहून लांब आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहे. संपूर्ण हिब्रू बायबलची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत, लेनिनग्राड कोडेक्स, अकराव्या शतकाच्या आरंभीची. मध्ये हजाराहून अधिक वर्षे गेली, तरी यशयाचे ६६ अध्याय बहुतांशी जुळले. फरक पुष्कळ निघाले, पण त्यांतले बहुतेक वर्णलेखनाचे, सुटलेल्या शब्दांचे किंवा ओळींचे होते.

याच गुहांनी उलट बाजूचा पुरावाही दिला. यिर्मयाचा प्राचीन ग्रीक अनुवाद प्रचलित हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. अनुवादकांनीच काटछाट केली असावी, असे पुष्कळांना वाटे. कुमरानला त्या लहान पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडे निघाले. म्हणजे त्या काळी या पुस्तकाचे दोन पाठ प्रचारात होते. यशयाचा दाखला देऊन यिर्मयाबद्दल गप्प बसणारे समर्थक अर्धीच हकिकत सांगतात.

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाचा, तळहातात मावेल एवढा, मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातला पपायरसचा तुकडा साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानला जातो. मात्र त्यावर मोजक्याच ओळी आहेत. १७०७ मध्ये जॉन मिल या इंग्रज विद्वानाने सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवले, तेव्हा बरीच खळबळ उडाली. आज हा आकडा काही लाखांत सांगितला जातो. तो वाढला याचे मुख्य कारण ताडून पाहायला मिळालेल्या प्रती वाढल्या. ज्या ग्रंथाची एकच पोथी उरली आहे त्याला पाठभेद नसतात, पण त्यातली चूक पकडायलाही काही साधन नसते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली, तीही शेकडो हस्तलिखिते ताडूनच.

या ताडून पाहण्याची किंमत श्रद्धावंतांनाही मोजावी लागली. मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओव्या व्हॅटिकनस आणि सिनायटिकस या चौथ्या शतकातल्या दोन्ही महत्त्वाच्या प्रतींत नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची योहानातली प्रसिद्ध कथाही त्यांत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातले त्रैक्याचे स्पष्ट वाक्य इरॅस्मस या विद्वानाने १५१६च्या ग्रीक आवृत्तीत घेतले नव्हते. टीका झाल्यावर १५२२च्या आवृत्तीत ते आले. हे काही लपवलेले गुपित नाही. बहुतेक आधुनिक आवृत्त्यांत अशा जागी कंस किंवा तळटीप असते.

बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५च्या निकिया परिषदेत पुस्तके निवडली, ही कादंबऱ्यांनी लोकप्रिय केलेली समजूत तर टिकतच नाही. तिथला मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या, येशूच्या देवत्वाविषयीच्या मताचा होता. चार शुभवर्तमानांचा आग्रह बिशप आयरेनियसने दुसऱ्या शतकातच धरला होता, आणि नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची यादी बिशप अथनेशियसच्या ३६७च्या पत्रात येते. आपल्या हाती येते ते बायबल ‘अनुवादाचा अनुवाद’ असते, हा आक्षेपही सरसकट लागू पडत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाठ नीट पोचला म्हणून त्यातली हकिकत खरी ठरत नाही. तो प्रश्न निराळा. तिथे उत्खननाचा कौल संमिश्र आहे. उत्तर इस्राएलात तेल दान येथे १९९३ मध्ये सापडलेल्या इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि कैसरियात १९६१ मध्ये येशूला शिक्षा सुनावणाऱ्या रोमी अधिकारी पिलाताच्या नावाचा दगड निघाला. उलट यरीहोत कॅथलीन केन्यन यांनी १९५०च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळात तिथे तटबंदीचे शहर असल्याचा पुरावा मिळाला नाही. लूक येशूच्या जन्माचा संबंध क्विरिनियस या रोमी अधिकाऱ्याच्या शिरगणतीशी जोडतो. ती इसवी सन ६च्या सुमाराची, तर मत्तयाप्रमाणे येशूच्या जन्मावेळी राज्यावर असलेला हेरोद इसवी सनापूर्वी ४च्या सुमारास वारला होता. हा मेळ घालण्याचे बरेच प्रयत्न झाले. सर्वमान्य एकही ठरलेला नाही.