बंदी घालणाऱ्यांचे आभार

'द बिग बँग थिअरी' ही मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी बेअरनेकेड लेडीज या कॅनेडियन बँडचा आवाज शेकडो वेळा ऐकलाय. त्या शीर्षकगीताचा किस्साही त्यांच्या रीतीला धरूनच आहे. बँडचा गायक एड रॉबर्टसन तेव्हा सायमन सिंग यांचं 'बिग बँग' हे पुस्तक वाचत होता. लॉस एंजेलिसच्या एका कार्यक्रमात, गाण्यांच्या मधल्या वेळात काहीतरी बडबडायचं म्हणून, त्याने विश्वाच्या उत्पत्तीवर उभ्या उभ्या एक गाणं रचून म्हटलं. प्रेक्षकांत मालिकेचे दोन्ही निर्माते बसले होते. लोक वर्षानुवर्षं निर्मात्यांच्या दारात चपला झिजवतात. याने गप्पा मारता मारता काम मिळवलं.

पण आजचा विषय त्याच्या बराच आधीचा, म्हणजे त्यांचा पहिला अल्बम, 'गॉर्डन'. अधिकृत गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: 1992चा जुलै महिना, कॅनडाच्या यादीत पहिला क्रमांक, आठ आठवडे मुक्काम, आणि पुढे एकट्या कॅनडात दहा लाखांवर प्रती. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन-तीन कोटींच्या घरात. अशा आकड्यांमागे काहीतरी योजना असणार, असं सभ्य माणसाला वाटतं. योजना नव्हती. जे होतं ते सांगतो.

नावापासूनच सुरुवात करू. 1988च्या उन्हाळ्यात एड आणि त्याचा शाळेतला दोस्त स्टीव्हन पेज टोरांटोला बॉब डिलनच्या कार्यक्रमाला गेले. दोघे स्कारबरोचे. ज्यांचे नातेवाईक टोरांटोला आहेत त्यांना स्कारबरो सांगायला नको: शहराच्या पूर्वेकडचं उपनगर, ज्याची टिंगल करणं हा उरलेल्या टोरांटोचा हक्क. तर हे दोघे कार्यक्रमाला कंटाळले. (डिलनला कंटाळणारी माणसं असतात. फक्त ती कबूल करत नाहीत.) मग वेळ घालवायला त्यांनी जाणत्या समीक्षकांचा आव आणला आणि स्टेजवरच्या वादकांच्या खोट्या कारकिर्दी एकमेकांना ऐकवायला सुरुवात केली. अमुक वादक पूर्वी तमुक बँडमध्ये होता वगैरे. त्या काल्पनिक बँडांपैकी एकाचं नाव पडलं 'बेअरनेकेड लेडीज'. उघड्यानागड्या बायका! पाच वर्षांच्या पोराने शब्द कळत नसताना खिदळत म्हणावं, तसलं नाव. दोघे पोट धरून हसले आणि विसरून गेले. निदान एकजण तरी विसरला.

त्याच सुमारास एडचा जुना बँड फुटला होता. पण त्या बँडच्या नावावर एक कार्यक्रम आधीच ठरलेला होता: अन्नदान करणाऱ्या एका संस्थेच्या मदतीसाठी, टोरांटो सिटी हॉलसमोरच्या नेथन फिलिप्स चौकात. आयोजकांचा फोन आला, येताय ना? सरळ माणूस म्हणाला असता, बँड मोडलाय, माफ करा. एड म्हणाला, येतोय, फक्त नाव बदललंय. आणि तोंडात आलं ते डिलनच्या कार्यक्रमातलं नाव. फोन ठेवल्यावर त्याने स्टीव्हनला विचारलं, येतोस का? 1 ऑक्टोबर 1988 रोजी दोघांना मिळून जी जी गाणी येत होती ती सगळी त्यांनी तिथे वाजवून टाकली. म्हणजे बँड निघायच्या आधी नाव ठरलं, आणि नाव ठरायच्या आधी कार्यक्रम. तो चौक मात्र लक्षात ठेवा.

नंतर अँडी आणि जिम हे क्रीगन बंधू आले. जिम डबल बास वाजवायचा, अँडी तालवाद्यं. 1990मध्ये अँडी दक्षिण अमेरिकेला गेला. इकडे रस्त्यावरच्या कलाकारांच्या एका महोत्सवात बँडला टायलर स्ट्युअर्ट नावाचा ड्रमर भेटला, जमला, आणि बसला. काही महिन्यांनी अँडी परतला तर त्याच्या जागेवर दुसराच कोणीतरी काठ्या आपटत होता. आपल्याकडे नाटकमंडळीत असं झालं असतं तर पुढची तीन वर्षं दिवाळी अंकांना खाद्य मिळालं असतं. अँडीने मुकाट्याने कीबोर्ड आणि कोंगा धरले. 'गॉर्डन'मध्ये जो पियानो ऐकून आपण मान डोलावतो, तो एका रजेवर गेलेल्या माणसाची जागा गेल्यामुळे तिथे आहे.

दरम्यान 'स्पीकर्स कॉर्नर'चा उद्योग झाला. सिटीटीव्ही या वाहिनीने क्वीन स्ट्रीटवरच्या आपल्या इमारतीत एक खोका बसवला होता. एक डॉलरचं नाणं टाकायचं, कॅमेऱ्यासमोर मनातलं बोलायचं; त्यातलं निवडक वाहिनी दाखवायची. लोक तिथे महापालिकेला शिव्या घालत, प्रेमाची कबुली देत. या मंडळींनी अख्खा बँड वाद्यांसकट त्या खोक्यात कोंबला आणि 'बी माय योको ओनो' हे गाणं म्हटलं. वाहिनीने ते पुन्हा पुन्हा दाखवलं. त्या काळात व्हिडिओवर कंपन्या लाखांनी डॉलर उधळत होत्या. यांचा खर्च एक डॉलर, तोही सुट्टा.

आता मुख्य प्रकरण. 1991मध्ये त्यांनी पाच गाण्यांची एक कॅसेट काढली. पिवळ्या वेष्टनामुळे तिला 'यलो टेप' म्हणतात. मुळात ती कंपन्यांना नमुना म्हणून ऐकवायची होती. कार्यक्रम संपला की हातोहात विकली जाऊ लागली. मजा म्हणजे तिच्यात पब्लिक एनिमी या कृष्णवर्णीय रॅप गटाचं 'फाइट द पॉवर' हे गाणंही होतं, स्कारबरोच्या या गोऱ्यागोमट्या पोरांनी अकूस्टिक गिटारवर म्हटलेलं. सत्तेशी लढायची वेळ आपल्यावर खरंच येणार आहे, याची त्यांना अर्थातच कल्पना नव्हती.

ती वेळ डिसेंबरात आली. 31 डिसेंबरच्या रात्री सिटी हॉलपुढे होणाऱ्या जल्लोषासाठी बँडचं नाव ठरलं होतं. पालिकेतल्या कोणाच्या तरी नजरेला कागदावरचं ते नाव पडलं आणि निर्णय झाला: हे नाव स्त्रियांना वस्तू बनवतं, सबब कार्यक्रम रद्द. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांची नावं वाचून सेन्सॉरच्या कचेरीत काय काय झालं असेल याची कल्पना आपल्याला आहेच; पण दादांना निदान आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असायचं. इथे नाव ऐकून आलेल्या प्रेक्षकाला स्टेजवर दिसायचे ढगळ हाफपँटीतले पाच गुबगुबीत तरुण. नाराज व्हायचंच असेल तर त्याने व्हावं.

वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. टोरांटोच्या महापौरपदावर तेव्हा जून रोलंड्स नुकत्याच आल्या होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. निर्णय कर्मचाऱ्याचा, पण ठपका बाईंवर बसला, आणि तो आजही पुसला गेलेला नाही. इतिहासात नाव कोरायचे मार्ग अनेक. हा सगळ्यात कमी कष्टाचा. इकडे कॅसेट खपू लागली ती थांबेचना. बंदीने खपली की टीव्हीवरच्या त्या खोक्याने, हा वाद चाहते अजून घालतात. मी दोघांनाही निम्मे निम्मे गुण देतो. शेवट असा की कुठल्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय निघालेली आणि कॅनडात प्लॅटिनम झालेली, म्हणजे लाखावर खपलेली, ती पहिली कॅसेट ठरली.

आणि तो चौक? ज्या नेथन फिलिप्स चौकात यांनी तीन वर्षांपूर्वी याच नावाने, सिटी हॉलच्या नाकासमोर, पहिला कार्यक्रम केला होता, तोच हा. तेव्हा कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. प्रसिद्ध होईपर्यंत माणूस अश्लील होत नाही.

यातली आतल्या गोटातली खरी गंमत त्याच वेळी कॅसेटबाहेर, बँडच्या वहीत होती. 'गॉर्डन'वर 'व्हॉट अ गुड बॉय' नावाचं गाणं आहे. मूल जन्मताच मुलगा असेल तर त्याच्याकडून अमुक अपेक्षा, मुलगी असेल तर तमुक, आणि त्या ओझ्याखाली दोघंही कशी वाकतात, यावर ते आहे. 'द फ्लॅग' तर घरातल्या मारहाणीबद्दल आहे, त्यात विनोदाचा लवलेश नाही. पालिकेने स्त्रियांच्या सन्मानासाठी नेमका बँड हुडकून काढला होता. फक्त गाणी ऐकायची राहून गेली.

मग पैसा आला. सीएफएनवाय या टोरांटोच्या रेडिओ केंद्राची नव्या कलाकारांसाठी स्पर्धा होती, बक्षीस एक लाख डॉलर. ती यांनी जिंकली. अल्बम करायला मंडळी क्यूबेकमधल्या मोरिन हाइट्सला गेली, 'ल स्टुडिओ'मध्ये. डोंगरात, तळ्याकाठी वसलेला हा स्टुडिओ म्हणजे तेव्हा कॅनडाच्या रॉक संगीताचं सोवळ्यातलं देवघर होतं. रश या थोर बँडने 'मूव्हिंग पिक्चर्स' तिथेच केला होता. यांनी त्या वास्तूत काय करावं? 'ग्रेड 9' या हायस्कूलच्या पहिल्या दिवसांवरच्या गाण्यात रशच्या 'टॉम सॉयर'ची सुप्रसिद्ध धून मध्येच घुसवली. 'टॉम सॉयर' मुळात 'मूव्हिंग पिक्चर्स'वरचंच. ज्या घरातून डबा पळवला त्याच घरात बसून खाल्ला, असा प्रकार.

तिथेच दुसरा प्रकार घडला, ज्याबद्दल त्या सिटी हॉलवाल्यांना कळतं तर त्यांनी पेढे वाटले असते. 'द किंग ऑफ बेडसाइड मॅनर' हे गाणं बँडने अंगावर एक चिंधीही न ठेवता रेकॉर्ड केलं. पुढे ती रीतच पडली, प्रत्येक अल्बममध्ये निदान एक गाणं तसं. म्हणजे लेडीज नसल्या तरी नावाचा पूर्वार्ध त्यांनी इमानेइतबारे पाळला.

आता थोडं या अल्बमच्या मोहिनीबद्दल, कारण विनोदी बँड पोत्याने सापडतात आणि त्यांच्या कॅसेटवर वर्षभरात धूळ बसते. विनोद दुसऱ्यांदा ऐकला की अर्धा होतो, दहाव्यांदा ऐकला की शत्रू होतो. 'गॉर्डन' टिकला त्याचं कारण, माझ्या मते, त्यात विनोद सांगितलेला नाही. दोन मित्र बोलत बसलेत आणि आपण शेजारच्या बाकावर आहोत. 'इफ आय हॅड 1000000 डॉलर्स' घ्या. एड एक ओळ म्हणतो, स्टीव्हन ती उचलतो, मध्येच दोघे गाणं सोडून गप्पा मारू लागतात: श्रीमंत झालो तर काय काय घ्यायचं. रचना एका संगीत शिबिरातल्या फावल्या वेळातली, आणि गप्पा दर कार्यक्रमात नव्या असायच्या. आपल्या तमाशातली बतावणी ज्याने ऐकली आहे त्याला हे तंत्र लगेच ओळखू येईल. स्टीव्हनचा आवाज या सगळ्यात बसत नाही. तो भरदार, थेट नाट्यगृहातला आवाज आहे, आणि तो आवाज अगदी गंभीरपणे फर्निचरबद्दल गातो. हसू तिथे येतं. आणि नेमकं त्याच आवाजात पुढचं गाणं रडवायला येतं, तेव्हा आपण बेसावध असतो.

या गाण्याने त्यांच्यावर सूडही उगवला. त्यात क्राफ्ट डिनरचा, म्हणजे कॅनडात घरोघरी शिजणाऱ्या पाकिटबंद मॅकरोनी-चीजचा उल्लेख आहे. तो आला की प्रेक्षक मॅकरोनी फेकू लागले. आधी चिमूटभर, मग पाकिटंच्या पाकिटं. कच्ची मॅकरोनी चारी बाजूंनी लागते तेव्हा ती खडीसारखी लागते. त्यात चीजच्या भुकटीची पुडी फुटली की ती गिटारवर, घामावर, बुटांखाली चिकटते. दरवेळी झोडपून घेऊन बँड कंटाळला. शेवटी चाहत्यांना विनंती झाली: फेकू नका, भुकेल्यांसाठी अन्न गोळा करणाऱ्या संस्थांना द्या. ज्या कामासाठी बँडचा पहिला कार्यक्रम झाला होता तिथे तो फिरून पोचला, फक्त मधल्या काळात बराच मार खाऊन.

1993मध्ये कॅनडाच्या जूनो संगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बँड वगैरे झालं, ते सोडा. आत वेगळंच शिजत होतं. लोकांनी यांना विदूषक ठरवून टाकलं होतं, आणि विदूषकाला दुसऱ्या अंकात राजा होता येत नाही. 1994चा दुसरा अल्बम 'मेबी यू शुड ड्राइव्ह' त्यांनी मुद्दाम संयत केला. तो 'गॉर्डन'च्या जवळपासही गेला नाही. अमेरिकेत तर मोठं यश मिळायला 1998 उजाडलं. तिथे जे गाणं यादीत अव्वल आलं त्याचं नाव 'वन वीक'. किती दिवस अव्वल राहिलं? बरोबर एक आठवडा.

आणि ब्रायन विल्सनचा किस्सा राहिलाच. 'गॉर्डन'वर स्टीव्हनचं 'ब्रायन विल्सन' हे गाणं आहे. बीच बॉइज या बँडचा हा प्रतिभावंत मानसिक आजारात अंथरुणाला कसा खिळला होता, याची त्याला पार्श्वभूमी. विशीतल्या पोराने स्वतःच्या उदासीला उपमा म्हणून एका जिवंत माणसाचं दुखणं वापरलं होतं. विल्सन यांच्यावर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ डॉ. लँडी यांचंही नाव गाण्यात आहे. कोर्टकचेरी होण्याइतका ऐवज होता. झालं ते असं: 2000मध्ये विल्सन लॉस एंजेलिसच्या रॉक्सी थिएटरमध्ये गायला उभे राहिले, तो कार्यक्रम पुढे अल्बम म्हणून निघाला, आणि त्यात त्यांनी स्वतःच्याच नावाचं हे गाणं स्वतः म्हटलं. रॉयल्टी अर्थातच स्टीव्हनला गेली.