हिरव्यात राहा

ठाकूरद्वारच्या चाळीत आईकडे आलेला माझा शाळूसोबती खाटेवर बसून डावी मूठ जेमतेम दोन बोटं मागे घेतो. "दुसरं विमान जवळ आलं की एवढंच. झटका द्यायचा नाही." तो एअरबस ए-320चा कॅप्टन, साइडस्टिक त्याच्या डाव्या हाताला असते.

"एवढ्या आकाशात जागा पुरत नाही का रे?" आई आतून विचारते.

प्रश्न रास्त आहे. पण विमानं ठरल्या मार्गानंच जातात आणि उपग्रहांमुळे आता अगदी रेषेवर जातात. मग वाचवतं ते फक्त वरखालचं 1000 फुटांचं अंतर.

ते ढळू लागलं की टीकॅस, म्हणजे विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र, बोलतं. आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक'. यावर विमान हलवायचं नाही, फक्त सावध व्हायचं. पुढे 'क्लाइंब, क्लाइंब' आलं की ऑटोपायलट बंद, फ्लाइट डायरेक्टर बंद, आणि चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या पट्टीवरचा लाल भाग सोडून हिरव्यात जायचं. मुदत पाच सेकंद. हुकूम मध्येच उलटला तर अडीच. समोरच्या विमानातलं यंत्र याच्याशी परस्पर ठरवून तिथे 'डिसेंड' सांगत असतं. म्हणूनच कंट्रोलर उलट सांगत असला तरी ऐकायचं यंत्राचंच. रेडिओवर 'टीकॅस आरए', म्हणजे यंत्राचा हुकूम आलाय, एवढंच कळवायचं.

2002 साली जर्मनीत उबरलिंगेनवर एका वैमानिकानं कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्यानं यंत्राचं. दोघंही खाली आले. 71 माणसं गेली. त्याआधी 1996 साली चरखी दादरीला 349 गेली, तेव्हा दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतंच. भारतात त्यानंतर ते सक्तीचं झालं. फेब्रुवारी 2018मध्ये मुंबईच्या हवाई हद्दीत एअर इंडियाचं भोपाळला निघालेलं आणि विस्ताराचं पुण्याला येणारं विमान धोकादायक जवळ आली, तेव्हा हीच यंत्रं ओरडली.

मला वाटलं होतं, अवघड भाग भीतीचा असेल. तो म्हणतो, खरा त्रास संशयाचा. एक विमान भराभर चढत असतं, दुसरं वरच्या उंचीवर सरळ चाललेलं असतं. पहिलं हजार फूट खालीच थांबणार असतं, पण यंत्राला ते माहीत नसतं. ते इशारा देतं. धोका नव्हताच, हे मागाहून कळतं. तरी प्रत्येक वेळी पाळायचाच.

"मग उगाच ओरडू नये म्हणून?"

"शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला दीड हजार फुटांच्या आत आणायचा. घाई असली तरी."