पंचाहत्तर वॅटची पथारी

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून एका वाचकांनी विचारले आहे: लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करण्याचा स्टुडिओ आहे, कुठल्याशा कंपनीने वापरून काढून टाकलेला लहान कॅबिनेटचा डेस्कटॉप सेकंडहँड मिळाला, एडिटिंगसाठी त्यात कोणते ग्राफिक कार्ड बसवू? दुकानदार म्हणतो, जास्त जीबीचे घ्या.

जीबी नंतर पाहू. आधी वॅट.

मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते, तो पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट नियमानुसार जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टवरून येतात, बाकीचे ३.३ व्होल्टवरून. याहून जास्त वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर द्यावी लागते, आणि ऑफिसच्या लहान मशीनमध्ये ती वायर बहुधा नसतेच. तिथला एसएमपीएस साधारण १८० ते २६० वॅटचा असतो. त्याचा आकारही कंपनीचा स्वतःचा, त्यामुळे बाजारातला मोठा आणून बसवावा तर बसत नाही. काही जुन्या मॉडेलांत स्लॉटलाच ७५ पेक्षा खालची मर्यादा घातलेली असते, म्हणून मॅन्युअल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मग उंची. पूर्ण उंचीचे कार्ड सुमारे १११ मिलिमीटर, लो-प्रोफाइल ६९. कार्डासोबत लहान ब्रॅकेट आहे का आणि शेजारचा स्लॉट मोकळा आहे का, तेवढे बघावे.

आणखी एक मर्यादा कोणत्याच मॅन्युअलमध्ये छापलेली नसते, ती खानदेशातल्या उन्हाळ्याची. नंदुरबारला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच. चिप ८३ अंशांच्या आसपास पोहोचली की बरीच कार्डे आपणहून वेग कमी करतात. उष्णता किती बाहेर पडणार, हे चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. २२ अंशांच्या एसी खोलीत हा फरक ६१ अंशांचा असतो, दुपारी ४० अंशांवर गेलेल्या खोलीत ४३ चा. पंखा तोच, हीटसिंक तोच, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद ७० टक्क्यांवर येते. थंड देशांतल्या परीक्षणांचे आकडे आपल्या दुकानात खरे ठरत नाहीत ते या वजाबाकीमुळे.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रश्न मला इतका आवडला, ती सांगतो. एनव्हिडियाची दोन कार्डे शेजारी ठेवू. दोन्ही २०२३ ची, एकाच पिढीची, चिप घडवण्याची प्रक्रियाही एकच. आरटीएक्स ४०६० मध्ये ३०७२ कोअर आहेत, घड्याळाची गती, म्हणजे चिपच्या कामाचा ठेका, सुमारे २.४६ गिगाहर्ट्झ, खर्च ११५ वॅट. आरटीएक्स ४००० एसएफएफमध्ये ६१४४ कोअर, म्हणजे नेमके दुप्पट, पण घड्याळ सुमारे १.५६ गिगाहर्ट्झ आणि खर्च फक्त ७० वॅट. कागदावर पहिल्याचा आकडेमोडीचा वेग १५ टेराफ्लॉप, दुसऱ्याचा १९. वीज कमी आणि काम जास्त!

यात जादू नाही. चिपचा वीजखर्च घड्याळाच्या गतीच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. गती वाढवायची तर व्होल्टेजही चढवावे लागते, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महागात पडतो. उलट बाजूने बघा: गती २० टक्क्यांनी उतरवली आणि त्यामुळे व्होल्टेज १५ टक्क्यांनी उतरवता आले, तर खर्च ५८ टक्क्यांवर येतो.

नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ओली लाल मिरची बाजारात आली की ती पथारीवर पसरतात. तीच ढिगात ठेवली तर वरचा थर वाळतो आणि आतली मिरची कुजते. ऊन तेवढेच असते, पातळ पसरले म्हणून ते सगळ्या मिरचीपर्यंत पोहोचते. ७० वॅट हे आपले ऊन, आणि कोअर जितके जास्त पसरलेले तितका त्याचा उपयोग जास्त. मात्र पथारीला जागा लागते आणि जागेला पैसे पडतात. ४०६० ची चिप सुमारे १५९ चौरस मिलिमीटरची आहे, ४००० एसएफएफची २९४ ची. सिलिकॉनची ही जागा फार महाग, म्हणून सामान्य ग्राहकाच्या कार्डात लहान चिप घालून ती जोरात पळवली जाते. कंपनीचे सिलिकॉन वाचते, विजेचे बिल मात्र आपल्या घरी येते. जाहिरातीत गिगाहर्ट्झ ठळक आणि वॅट बारीक अक्षरांत छापतात, याचा मला मनापासून राग येतो.

व्होल्टेज इतके कळीचे का झाले, याचे उत्तर रॉबर्ट डेनार्ड यांच्या कामात आहे. मूरचा नियम शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो, पण डेनार्ड यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? ट्रान्झिस्टर लहान केला की चिप वेगवान होते आणि तरी जास्त तापत नाही, हे का, ते आयबीएमच्या या संशोधकाने सहकाऱ्यांसह १९७४ च्या निबंधात मांडले. मापे ज्या प्रमाणात कमी कराल त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवा, मग दर चौरस मिलिमीटरची उष्णता होती तेवढीच राहते. तीस वर्षे संगणक उद्योग या नियमावर जगला. २००५ च्या सुमारास तो संपला, कारण व्होल्टेज आणखी उतरवले की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते. घड्याळ वाढवून वेग मिळवण्याची वाट अरुंद झाली आणि काम पसरण्याची वाट उरली. ग्राफिक कार्डांना आज आलेले महत्त्व त्या वाटेवरचे आहे. आणि कार्डावरची मेमरी? दर बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, ही रचनाही डेनार्ड यांचीच, पेटंट १९६८ चे. दुकानदार ज्या जीबीची शिफारस करतो, त्यातला प्रत्येक बिट त्यांच्या कल्पनेवर उभा आहे. एप्रिल २०२४ मध्ये ते गेले.

काम पसरण्याचा विचार पुण्यात २००५ च्याही आधी रुजला होता. अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचे महासंगणक देताना आडकाठी केली आणि १९८८ मध्ये सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे प्रमुख. एकच अचाट वेगाचा प्रोसेसर घडवणे आवाक्यात नव्हते, म्हणून त्यांच्या गटाने ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडले आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. १९९८ मध्ये, म्हणजे धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, परम १०००० आला. त्याचा वेग सुमारे १०० गिगाफ्लॉप.

आज आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी कार्डावर ६.८ टेराफ्लॉप हा आकडा दिसतो, तोही ७० वॅटमध्ये. म्हणजे परम १०००० च्या ६८ पट. खोलीभर महासंगणक मुठीत आला, असे मथळे यावरूनच तयार होतात. पण हा आकडा ३२ बिटी आकडेमोडीचा आहे. हवामानासारखी परमची कामे ६४ बिटी अचूकता मागणारी होती, आणि त्या अचूकतेला या कार्डाचा वेग ६४ व्या हिश्शावर येतो: १०६ गिगाफ्लॉप. म्हणजे जवळजवळ परम १०००० एवढाच! व्हिडिओच्या ठिपक्याला ६४ बिटांची गरज नसल्याने स्टुडिओचे यात काही बिघडत नाही. पण तुलना प्रामाणिकपणे करायची तर पुण्याचे ते यंत्र आपल्या कामात आजही या कार्डाच्या तोडीचे ठरते, आणि हे मला मथळ्यापेक्षा कितीतरी रोमांचक वाटते.

कार्ड घेण्याआधी एक प्रयोग फुकटात होतो. मशीनमध्ये इंटेलचा ग्राफिक असलेला प्रोसेसर असेल, तर एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये क्विक सिंक ही त्यातली व्हिडिओची सोय चालू करून पाहावी. साध्या फुटेजला तेवढे पुरू शकते. पुरले नाही तरच कार्ड. जीटी १०३० स्वस्त आहे, पण त्यात व्हिडिओ फाइल झटपट तयार करणारा एन्कोडर नाही, आणि २०१८ पासून त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्डही विकले गेले, ज्याच्या मेमरीचा वेग मूळच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. एएमडीचे आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचे, पण एन्कोडर त्यातही नाही. शिवाय ते स्लॉटमधल्या चारच डेटा-लेन वापरते, त्यामुळे जुन्या बोर्डवर आणखी मंदावते. इंटेलचे आर्क ए३१० व्हिडिओसाठी उत्तम, एव्ही१ एन्कोडिंगही करते. त्याला रिसाइझेबल बार ही सोय असलेला बोर्ड लागतो, आणि इंटेलच्या दहाव्या पिढीच्या आधीच्या ऑफिस मशीनमध्ये ती सहसा नसते.

४००० एसएफएफ फार महाग, म्हणून उरतात दोन. नवे घ्यायचे तर ३०५० चे ६ जीबीचे लो-प्रोफाइल कार्ड. इथे जास्त जीबीचा सल्ला महागात पडेल, कारण ८ जीबीचे ३०५० नावाने तेच असले तरी १३० वॅटचे आहे आणि वेगळी वायर मागते. सेकंडहँड खात्रीचे मिळाले तर आरटीएक्स ए२०००: ३३२८ कोअर, १.२ गिगाहर्ट्झचे संथ घड्याळ, ७० वॅट. खरी पथारी ही. गरम हवाही ते कॅबिनेटबाहेर फेकते. त्यावर एचडीएमआय नाही, मिनी डिस्प्लेपोर्टचे अडॅप्टर सोबत घ्यावे. जुन्या बाजारात जीटीएस ४५० सारखी कार्डे बायोस बदलून १०५० टीआय म्हणून खपवली गेली आहेत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम २०१८ पासून अशी बनावट ओळखतो, तो दुकानातच चालवून पाहावा.

एप्रिल-मेमध्ये घड्याळ थोडे उतरवून ठेवावे, आणि मोठे रेंडर रात्री उशिरा लावावे. पहाटे खोली २८ अंशांवर आली की ४३ चा तो फरक ५५ होतो, आणि तोच पंखा सव्वापटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतो.