वाड्यातला आड : ठेवायचा की बुजवायचा?



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल हाती आले, की घरच्या कामांच्या याद्या निघतात. कुणाला स्लॅब टाकायचा असतो, कुणाला ट्रॉली उभी करायला जागा हवी असते. मग अंगणातल्या जुन्या आडाकडे बोट जाते. "नळ आला, बोअर झाला, आता हा खड्डा कशाला?" असे पोरे म्हणतात. म्हातारी माणसे म्हणतात, "पाण्याची जागा हाये, बुजवू नये." शेवटी कुणीच काही करीत नाही. आडावर दोन जुने पत्रे टाकायचे, वर दगड ठेवायचा, की विषय संपला!

आमचे सांगणे एवढेच आहे : आड सांभाळून ठेवणे चांगले, नीट बुजवणे हेही चांगले, पण पत्रा टाकून विसरून जाणे हे सर्वांत वाईट.

हे उगाच सांगत नाही. आपल्या शेजारच्या नेवासे तालुक्यात वाकडी गावी ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन पाडव्याच्या दिवशी, एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्या विहिरीत शेणाची रबडी साठवली जात होती. मांजर काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच माणसे गेली. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, म्हणून तेवढा वाचला. बंद पडलेल्या आडात हवा खेळत नाही. तळाशी जड वायू साठतो, प्राणवायू कमी होतो. शेण किंवा कचरा कुजत असेल तर विषारी वायू तयार होतात. माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही.

जुनी माणसे कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये हे खरेच. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे मात्र नाही. आणि शेणाच्या खड्ड्यात तर दिवा नेऊच नये, वायू पेट घेतो. सरळ नियम असा, की आत कुणी पडले तर मागोमाग उडी घ्यायची नाही. वरून दोर टाका, ११२ ला फोन करा.

मग आड बुजवूनच टाकावा का? थांबा. पाण्याच्या बाबतीत पैठणकरांनी घाई करू नये. श्रीखंड्याने नाथांच्या घरी कावडीने पाणी भरले ही कथा ज्या गावाची, त्या गावाला घरातल्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. १९७६ साली जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले. नाथसागराची साठवण १०० टी.एम.सी.च्या वर. तरी २०१९ च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला आणि मृतसाठ्यातून पाणी उचलावे लागले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण काही उगीच पडली नाही. नळाची वीज जाते, बोअरची मोटार जळते. आडाला दोर नि पोहरा पुरतो.

ठेवायचा की नाही, हे भावनेवर ठरवू नये, मोजून ठरवावे. आम्ही घरी तेच केले. आमच्या आडाने १९७२ च्या दुष्काळात सगळ्या आळीला पाणी पाजले, असे वडिलांकडून ऐकत आलो होतो. पण ऐकीव गोष्टीवर जागा अडवून ठेवणे पोरांना पटेना. तेव्हा वैशाखात सुतळीला दगड बांधून पाणी मोजले. नऊ फूट भरले. वरून दोराने मोटार सोडून चार फूट उपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजले, तर दोन फूट पाणी परत आले होते.

आता हिशेब करा. पाच फूट व्यासाच्या आडात एक फूट पाणी म्हणजे सुमारे साडेपाचशे लिटर. दोन फूट म्हणजे अकराशे. जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. त्या हिशेबाने ऐन वैशाखात वीस माणसांचे पाणी रात्रीतून येते! पोरे गप्प झाली. आमचा आड राहिला.

आमच्या भावकीतल्या दुसऱ्या आडाचा निकाल मात्र उलटा लागला. पाणी त्यालाही होते. पण संडासाचा शोषखड्डा दहा फुटांवर, नि गोठ्याचे मूत्र वाहत त्याच बाजूला. संडास आणि आड यांत निदान ५० फूट अंतर हवे. खड्डा हलवायला जागा नव्हती, घरची माणसे शहरात गेलेली, बघणारा कुणी नाही. तो आड सगळ्यांना विचारून बुजवला. म्हणजे प्रश्न तीनच : वैशाखात पाणी टिकते का? जवळ घाण आहे का? आणि सांभाळणारा घरात आहे का?

ठेवायचा असेल तर कठडा कमरेच्या वर घ्या. वर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावा. जाळीने हवा खेळते, पत्र्याने कोंडते. भोवती बाहेरच्या उताराचा ओटा करा, म्हणजे सांडपाणी आत मुरणार नाही. पाणी अधूनमधून उपसत राहा. तपासणी केल्याशिवाय ते पिऊ नका. वापरायला, जनावरांना घ्या. प्यायचेच असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या, आणि आपल्या उसाच्या पट्ट्यात युरियाचा वापर मोठा, म्हणून नायट्रेटही तपासून घ्या. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या मुलांना घातक, आणि ते उकळून जात नाही. टी.सी.एल. पावडरचे प्रमाण अंदाजाने न टाकता ग्रामपंचायतीच्या माणसाकडून ठरवून घ्या. छपराचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून आडात सोडता येते. १०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०,००० लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४८,००० उरतात. पहिल्या पावसाचे पाणी तेवढे बाहेर सोडा. अंगणाचे किंवा गटाराचे पाणी कधीही आत नको.

बुजवायचा असेल तर आधी भावकीचा हिस्सा आहे का पाहा. सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. मोटार, पाइप, लाकडे वरूनच काढा. पाण्याच्या पातळीपर्यंत स्वच्छ दगड नि वाळू भरा, त्यावर थराथराने मुरूम चोपा, शेवटचे काही फूट चिकणमाती घाला. काळी माती नको, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वर उंचवटा ठेवा, कारण भराव खचतो. त्यावर भिंत किंवा टाकी बांधू नका. आणि कचरा, मेलेले जनावर, संडासाचे पाणी आडात टाकण्याचा विचारही नको. खालचे पाणी एकट्याचे नसते. आपल्या आडात टाकलेली घाण शेजाऱ्याच्या बोअरमध्ये निघते.

मळ्यातल्या विहिरीचे पाणी आपण इंचा-इंचाने मोजतो, कारण त्यावर ऊस उभा आहे. वाड्यातल्या आडावर आपली लेकरे खेळतात. येत्या वैशाखात एक सुतळी नि एक दगड घ्या, आणि पत्र्याखालचा प्रश्न एकदाचा निकाली काढा.