झाडपाला, गोळी आणि यकृताची गव्हाण



मिल बंद पडली की अड्ड्यावर गाड्यांची रांग कशी लागते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या पोटात उजव्या बाजूला असलेले यकृत हीदेखील एक मिलच आहे. गिळलेली गोळी रक्तात मिसळते, आपले काम करते आणि मग यकृतातली विकरे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत एन्झाइम, तिची मोडतोड करून तिला बाहेर काढतात. यातले ‘सीवायपी-३ए४’ नावाचे विकर तर बाजारातल्या कितीतरी औषधांचे गाळप एकटेच करते. डॉक्टर मात्रा ठरवतात ती ही मिल नेहमीच्या वेगाने चालेल असे धरून.

आता मध्येच एखादी वनस्पती गव्हाण अडवते. मग औषध रक्तात साचते आणि नेहमीचीच गोळी जास्त होऊन बसते. कॅनडात १९८९ साली पपनसाच्या नात्यातल्या ग्रेपफ्रूटच्या रसाने रक्तदाबाच्या एका औषधाचे असेच झालेले दिसले. आपल्या काळ्या मिरीतले पाइपरीनही हेच विकर अडवते. हा गुण कामाचाही आहे बरं का! जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने क्षयाच्या कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम पाइपरीन घालून रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली. पण ते मोजूनमापून केलेले काम. आपण बाजारातून मिरीअर्काची कॅप्सूल आणतो तेव्हा मोजतो कोण?

उलटही घडते. युरोपात उदास मनावर घेतली जाणारी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती मिल दुप्पट पळवते. झुरिकमध्ये नवे हृदय बसवलेल्या दोन रुग्णांनी ती घेतली. शरीराने ते हृदय नाकारू नये म्हणून दिलेले औषध रक्तात कमी पडले आणि शरीर हृदयावर उठले. हे २००० साली प्रसिद्ध झाले.

आपल्या घरातले उदाहरण मात्र मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले आहे. आकडीसाठी फिनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांनी शंखपुष्पीचे औषध सुरू केले आणि आटोक्यात असलेली आकडी पुन्हा येऊ लागली. डॉक्टरांनी उंदरांवर तपासून पाहिले. काही दिवस दोन्ही औषधे एकत्र दिली तेव्हा रक्तातले फिनिटॉइनही घटले आणि त्याचा गुणही. हे १९९२ साली छापून आले. आता सांगा, परीक्षा जवळ आली की ‘पोराची स्मरणशक्ती वाढेल’ म्हणून शंखपुष्पीची बाटली किती घरांत येते? त्यातले एखादे पोर आकडीच्या गोळीवर असेल तर?

आमटीतल्या मिरीला कोणी घाबरू नये. प्रश्न अर्काचा, रोजच्या चमच्याचा आणि कॅप्सूलचा आहे. आकडी, रक्त पातळ करण्याची गोळी, क्षय, बदललेले मूत्रपिंड, यांत मात्रेचा थोडा फरकही महागात पडतो. आणि आपली खोड अशी, की डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारले की आपण ‘काही नाही’ म्हणतो. काढा, चूर्ण, आसव हे आपल्या लेखी औषधच नसते! वैद्यांकडे गेलो की गोळ्यांचे सांगत नाही, हेही तितकेच खरे. पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून दोघांनाही दाखवाव्यात. मात्र हे वाचून चालू गोळी किंवा चूर्ण आपल्या मनाने एकदम बंद करू नये. अडवलेली मिल अचानक सुटली तरी मात्रा बिघडतेच.