हृदयाने मूत्रपिंडाला काय सांगितलं?

धडधडीचा मोठा झटका येऊन गेला की माणसाला भरपूर लघवी होते. पाण्यासारखी स्वच्छ, आणि पुन्हा पुन्हा. लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वूड यांनी १९६३ मध्ये अशा रुग्णांबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आहे. विहिरीत गळ्याएवढ्या पाण्यात तासभर डुंबणाऱ्या पोरांचंही तेच होतं. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि थोड्याच वेळात त्यांना काठावर यावं लागतं. झोपेत श्वास अडकणारी, जोरजोरात घोरणारी माणसं रात्रीतून तीन-तीनदा उठतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, ताणली जातात आणि मूत्रपिंडं पाणी सोडू लागतात.

१९५६ मध्ये हेन्री आणि गॉअर यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा फुगवून पाहिला. लघवी वाढली. मेंदूमार्फत जाणारा मज्जातंतूंचा निरोप हे त्यांनी दिलेलं कारण काही अंशी खरंही होतं. पण खरी गंमत हृदयाच्याच पेशींत दडलेली होती, आणि त्याच वर्षी ती एका छायाचित्रात दिसलीही होती. ब्रूनो किश यांनी गिनीपिगच्या अलिंदाचा काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा पेशीच्या केंद्रकाशेजारी मोहरीसारखे काळे, गोल, गच्च दाणे दिसले. खालच्या कप्प्यांत, निलयांत, तसे दाणे नव्हते. १९६४ मध्ये जेमीसन आणि पलाडे यांनी त्यांचं नीट वर्णन केलं. संप्रेरक स्रवणाऱ्या ग्रंथींमध्ये जसे दाणे असतात, तसेच हे होते. पण हृदय म्हणजे पंप, ही समजूत इतकी पक्की होती की ते तिथे काय करतात याचा पाठपुरावा फारच थोड्यांनी केला.

त्या थोड्यांमध्ये अडोल्फो दे बोल्ड होते, आणि या सगळ्या विषयात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच माणूस. जन्म अर्जेंटिनातला, काम कॅनडातल्या किंग्स्टन या लहानशा गावात, क्वीन्स विद्यापीठात. सत्तरचं दशक त्यांनी जवळजवळ या दाण्यांवरच घालवलं. दाणे रंगवायचे कसे, वेगळे काढायचे कसे, मोजायचे कसे, असली चिवट कामं. मग त्यांनी उंदरांचं मीठ-पाणी कमी-जास्त करून पाहिलं आणि त्याबरोबर दाण्यांची संख्या बदलते हे १९७९ मध्ये दाखवलं. माझ्या मते अर्धा शोध तिथेच लागला होता. मिठाशी ज्याचा संबंध, त्याचा संबंध मूत्रपिंडाशी असणारच.

पुढचा प्रयोग इतका साधा आहे की वाचताना आजही अंगावर काटा येतो. उंदरांची अलिंदं काढून वाटली, गाळली आणि तो अर्क भूल दिलेल्या दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. तुलनेसाठी काही उंदरांना निलयांचा अर्क दिला. निलयांच्या अर्काने काहीच झालं नाही. अलिंदांच्या अर्काने काही मिनिटांत लघवी दहापट वाढली, लघवीतलं सोडियम तीसपटीहून जास्त झालं आणि रक्तदाब उतरला. टोरंटोचे मूत्रपिंडतज्ज्ञ हराल्ड सोनेनबर्ग यांच्या साथीने केलेलं हे काम १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. हृदय ही एक ग्रंथीही आहे, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मग जगभर त्या पदार्थाचा शोध सुरू झाला आणि दोन-तीन वर्षांत रेणू हाती आला. २८ अमिनो आम्लांची ही साखळी, तिच्यातल्या १७ अमिनो आम्लांचं एक कडं गंधकाच्या बंधाने जोडलेलं. नाव एएनपी.

एवढासा हा रेणू मूत्रपिंडात काय करतो? आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक परत घेतात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. म्हणजे परत घेण्यात किंचित ढिलाई झाली तरी लघवीत मोठा फरक पडतो. अलिंद ताणलं की दाणे पेशीच्या कडेला येतात. बाहेर पडतानाच कोरिन नावाचं विकर १२६ अमिनो आम्लांच्या लांब साखळीचं शेवटचं टोक कापतं आणि ते २८ चं टोक रक्तात उतरतं. मूत्रपिंडात ते केशिकागुच्छाकडे येणारी धमनिका सैल करतं, बाहेर जाणारी आवळतं. त्यामुळे गुच्छातला दाब वाढतो आणि गाळण वाढते. त्याच वेळी नेफ्रॉनच्या अगदी शेवटच्या नळ्यांत सोडियम आत घेणारे मार्ग ते मंदावतं.

रेणू स्वतः पेशीत शिरत नाही, ही मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पेशीच्या पापुद्र्यावर त्याचा ग्राहक असतो. ग्राहकाचं बाहेरचं टोक एएनपी पकडतं आणि आतलं टोक स्वतःच विकर असल्यामुळे पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा छोटा रेणू तयार करू लागतं. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीत सायक्लिक जीएमपी वाढलं की स्नायू सैल पडतो. छातीत दुखायला लागल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात, त्या गोळीतून सुटणारं नायट्रिक ऑक्साइडही दुसऱ्या विकरामार्फत शेवटी हेच सायक्लिक जीएमपी वाढवतं. रस्ते दोन, मुक्काम एक.

याच्या उलट बाजूची माहिती द्यायला हवी, म्हणून थोडक्यात सांगायचं तर: स्टॉकहोममध्ये १८९८ साली टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडात रेनिन शोधलं. रेनिनपासून सुरू होणाऱ्या साखळीतून आठ अमिनो आम्लांचं अँजिओटेन्सिन दोन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, अल्डोस्टेरॉन वाढवतं, मीठ धरून ठेवतं. एएनपी या सगळ्याला विरोध करतं, रेनिनलाही दाबतं.

या साखळीला अडवणारं औषध सापाच्या विषातून आलं, आणि तो सापांचा विषय मात्र मला थोडक्यात उरकता येणार नाही.

चेन्नईहून महाबलीपुरमला जाताना वडनेम्मेलीच्या मगर-उद्यानात इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे. १९७८ पासून ही माणसं साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. तिथे मी घोणशीचं विष काढताना पाहिलं. मातीच्या मडक्यातून आकड्याने उचललेला साप, तोंडावर पातळ पडदा ताणलेली काचेची बाटली, पडद्यातून आरपार गेलेले दात आणि काचेवरून ओघळणारा पिवळसर थेंब. विष काढणाऱ्याच्या हातांत जराही घाई नव्हती. तो थेंब पाहताना मला ब्राझीलचा जराराका आठवत होता. जराराका हाही घोणशीच्याच कुळातला.

साओ पावलोत रोशा इ सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जराराकाचं विष रक्तद्रवात मिसळलं, तेव्हा त्यातून एक नवाच पदार्थ सुटला. १९४९ मध्ये जाहीर झालेलं हे ब्रॅडिकिनिन. नऊ अमिनो आम्लांचं, रक्तवाहिन्या जोरात सैल करणारं, आणि आपल्याच शरीरातलं. पुढे सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकिनिनचा परिणाम वाढवणारे पेप्टाइड सापडले. ते घेऊन फेरेरा लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्या काळात कळलं की ब्रॅडिकिनिन तोडणारं आणि अँजिओटेन्सिन दोन बनवणारं विकर एकच आहे, आणि विषातले पेप्टाइड त्यालाच रोखतात. स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्यावरून तोंडाने घ्यायचं कॅप्टोप्रिल घडवलं. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे दे बोल्ड यांचा निबंध आला त्याच साली. आज आपल्याकडे घरोघरी असलेली रॅमिप्रिल याच घराण्यातली. ओंडेट्टीही अर्जेंटिनाचे, आणि अँजिओटेन्सिन शोधणाऱ्यांतले ब्राउन-मेनेन्डेसही तिथलेच. रक्तदाबाच्या इतिहासात या देशाचं नाव जितकं ठळक यायला हवं तितकं येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जपानमध्ये यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये डुकराच्या महाधमनीच्या अस्तरातल्या पेशींतून एंडोथेलिन काढलं. २१ अमिनो आम्लांचं, रक्तवाहिन्या आवळण्यात फार जबरदस्त आणि परिणाम बराच वेळ टिकणारं. इस्रायलमधल्या एका बिळात राहणाऱ्या सापाच्या विषाची रचना त्याच्याशी कमालीची जुळते. हिरव्या माम्बाच्या विषात तर एएनपीचाच भाऊबंद सापडला. आपल्या रक्तवाहिन्यांना जी भाषा कळते, तीच वापरून साप भक्ष्याचा रक्तदाब कोसळवतात किंवा धमन्या आवळतात.

१९८८ मध्येच डुकराच्या मेंदूत एएनपीचाच आणखी एक भाऊबंद, बीएनपी, सापडला. पुढे कळलं की ते भरपूर तयार होतं ते हृदयात, विशेषतः ताणलेल्या निलयांत. माझ्या मावशीला धाप लागली तेव्हा दमा की हृदय हे कळेना. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टर मुलीने आधी एकच प्रश्न विचारला, "आजी, झोपताना उशा किती लागतात?" मावशी म्हणाली, "तीन. आडवं झालं की जीव घाबरतो गं." मग तिने नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही. रक्ताची एनटी-प्रोबीएनपी तपासणी झाली. बीएनपी कापून निघताना उरणारा तुकडा मोजणारी ही तपासणी. आकडा ३०० पिकोग्रॅमच्या खाली असता तर हृदयाकडे बोट दाखवता आलं नसतं. मावशीचा आकडा चार हजारांच्या वर होता.

इतका निरोप रक्तात असूनही पायांवर सूज का? कारण आजारी हृदयात नीट न कापलेल्या लांब साखळ्याच जास्त निघतात, मूत्रपिंडाचा प्रतिसाद बोथट होतो आणि अँजिओटेन्सिनचा जोर वरचढ ठरतो. मग बाहेरून पेप्टाइड द्यावं, हा सरळ विचार. अमेरिकेत २००१ मध्ये बीएनपीच नेसिरिटाइड या नावाने शिरेतून देऊ लागले. पण २०११ च्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं कमी झालं नाही. हा रेणू रक्तात मिनिटांत संपतो. नेप्रिलिसिन नावाचं विकर त्याला तोडतं. तेव्हा त्या विकरालाच आवर घालायचं ठरलं. सॅक्युबिट्रिल ते करतं आणि जोडीचं वाल्सार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं. आठ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या २०१४ च्या चाचणीत एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं वीस टक्क्यांनी कमी झालं. शरीराचा स्वतःचा निरोप थोडा जास्त वेळ टिकू देणं, याहून शहाणं औषध मला माहीत नाही.

ही गोळी घेणाऱ्यांच्या घरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गोळीमुळे बीएनपी तुटत नाही, म्हणून त्याचा आकडा वाढलेला दिसू शकतो. एनटी-प्रोबीएनपीला नेप्रिलिसिन हात लावत नाही, त्यामुळे तपासणी करायची ती त्याची. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नेप्रिलिसिन ब्रॅडिकिनिनही तोडतं. रॅमिप्रिलसारख्या गोळीने ब्रॅडिकिनिन मोडण्याची एक वाट आधीच बंद झालेली असते. दुसरीही बंद केली तर ते साचून ओठ, जीभ, घसा सुजू शकतात, श्वास कोंडू शकतो. दोन्ही विकरं रोखणारं ओमापॅट्रिलॅट हे औषध याच कारणाने मागे पडलं. म्हणून दोन औषधांमध्ये ३६ तास सोडावे लागतात. मावशीची रॅमिप्रिल शुक्रवारी रात्रीची शेवटची झाली, शनिवार पूर्ण रिकामा गेला आणि नवी गोळी डॉक्टरांनी रविवारी सकाळी नाश्त्यानंतर सुरू केली.